एक चमचा माया

जज्जसाहेबांच्या नव्या कोटाची एक बाही काळी आणि दुसरी गडद निळी निघाली, तेव्हा मास्तरांच्या डोळ्यांचं बिंग फुटलं. दुकानातल्या दिव्याखाली दोन्ही बाह्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसत होत्या. साहेब कोट घालून बाहेर उन्हात गेले, कुणाला तरी हात केला, आणि समोरचा फुलवाला खो खो हसायला लागला. साहेब माणूस दिलदार. परत आत येऊन म्हणाले, "मास्तर, दोन्ही बाजू ऐकून घ्यायच्या असतात हे ठाऊक होतं मला, पण त्या अंगावर घालून हिंडायच्या असतात हे नव्हतं ठाऊक!" सगळे हसले. मास्तरही हसले. मग साहेब गेल्यावर कापायच्या टेबलाची कड धरून बराच वेळ उभे राहिले.

आता हे दुकान कुणाचं आणि त्यात कोण काय करतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढची भांडणं कळायची नाहीत. दुकान दोन साडूंचं. मास्तर थोरल्या बहिणीचे नवरे, आणि धाकटीचा नवरा म्हणजे साडूभाऊ. त्यांना मास्तर साडूभाऊ म्हणायचे म्हणून गिऱ्हाइकंही साडूभाऊच म्हणायची. मास्तर कापणार, साडूभाऊ मशीनवर शिवणार, थोरली काज-बटण आणि हातशिलाई करणार, धाकटी इस्त्री आणि गिऱ्हाइकं सांभाळणार. मागच्या खोलीत शेगडी, सिंक आणि चौघांना पुरेल एवढं टेबल. दुपारचं जेवण तिथे, एकत्र. ती दुरंगी बाह्यांची जोडी मास्तरांनीच शिवली, कारण साडूभाऊ तापाने घरी होते. ते मशीनवर असते तर बाही हातात घेताक्षणी ओरडले असते.

दुकानात नियम म्हणावा असा एकच होता. मास्तरांच्या मोठ्या कात्रीला मास्तरांशिवाय कुणी हात लावायचा नाही. साडूभाऊंना कापता येत नव्हतं असं मुळीच नाही. चांगलं येत होतं, आणि तीच मास्तरांची खरी पोटदुखी होती. डोळे गेले की कात्री जाणार, ती साडूंच्या हातात जाणार, आणि मग आपण कोण? कोपऱ्यात बसून आल्यागेल्याला "या, बसा" म्हणणारा म्हातारा.

डोळ्यांच्या सर्जनने सांगितलं, मोतीबिंदू आहे, ऑपरेशन सोपं आहे, पण एवढी साखर रक्तात घेऊन याल तर मी हात लावणार नाही. जखम भरायला नको का? आधी साखर खाली आणा.

म्हणून मास्तर नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. सोबतीला साडूभाऊ. बाईंनी मास्तरांचं रक्त घेतलं आणि साडूभाऊंकडे वळून म्हणाल्या, "आलाच आहात तर तुमचंही बोट इकडे करा." साडूभाऊंनी मोठ्या ऐटीत बोट पुढे केलं. दोन दिवसांनी त्यांचीही ऐट उतरली. त्यांनाही मधुमेह निघाला.

"दोन रस्ते आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहिला, काही महिने जेवणाच्या जागी डब्यातली पावडर. मापाने घ्यायची, पाण्यात ढवळायची, प्यायची. दुसरं काही खायचं नाही, त्यामुळे वजन उतरतं आणि साखरही उतरते. दुसरा, नेहमीसारखं ताटात जेवायचं, पण भात, पाव, बटाटा आणि साखर यांना रजा द्यायची. भाज्या, अंडी, मासे, चिकन हे चालेल."

"पण यातला चांगला कुठला?" मास्तरांनी विचारलं.

"दोन्हींनी माणसं बरी झालेली मी बघितलीत, आणि दोन्ही अर्ध्यात सोडून परत आलेलीही बघितलीत. तुमच्या घरात जो चालेल तो घ्या. गोळ्यांचं मात्र मी ठरवणार. मनाने कमीजास्त करायच्या नाहीत. हातपाय थरथरले, घाम फुटला, तर साखर उतरलीय समजायचं, काहीतरी गोड तोंडात टाकायचं आणि मला फोन करायचा."

मास्तरांनी तिथल्या तिथे पावडर निवडली. "मापाचं काम आहे," ते म्हणाले. "मापात मी आयुष्यात कुणाला हार गेलो नाही."

साडूभाऊ म्हणाले, "तोंडात दात आहेत तोवर मी बाटलीवर जाणार नाही. मी ताटातलंच खाणार."

आणि मग दुकानात जे सुरू झालं त्याला तोड नाही. दुपारी टेबलावर एका बाजूला मास्तरांचा उंच पेला, दुसऱ्या बाजूला साडूभाऊंचं ताट. साडूभाऊ मुद्दाम मासा चवीने सोलत बसायचे. मास्तर पेला दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून, एका दमात रिकामा करायचे आणि मिशी पुसत म्हणायचे, "झालं माझं जेवण. तुमचं चालू द्या, काटे काढत बसा!"

"पेल्यात काटे नसतात, खरंय. चवही नसते."

"चव नसते? अहो, घोटभर पिऊन तरी बघा! कसली गोड चव आणलीय लेकांनी, आणि साखर बघाल तर नावाला! विज्ञान कुठल्या कुठे पोचलं, साडूभाऊ, आणि तुम्ही अजून अंडीच सोलताय."

यावर थोरली नजर खाली वळवायची. सुईत दोरा ओवायची.

साडूभाऊंची गाडीही सरळ चालली नव्हती, उगाच त्यांची तरफदारी नको. पहिल्या महिन्यात त्यांनी शोध लावला की चीज आणि बदाम यांत भातही नाही आणि पावही नाही. झालं! मशीनच्या शेजारी बदामांची बरणी आली. पायडल मारायचं, मूठभर बदाम तोंडात टाकायचे. शेवटी धाकटीने बरणी उचलून इस्त्रीच्या फळीखाली लपवली आणि म्हणाली, "अहो, भात सोडला म्हणून भाताच्या मापाने बदाम खायचे नसतात." साडूभाऊंनी कुरकुर केली, पण ऐकलं. धाकटीचं न ऐकण्याची त्या घरात पद्धत नव्हती.

तीन महिन्यांनी दोघांचं रक्त पुन्हा तपासलं. साडूभाऊंची साखर चांगली उतरली होती. डॉक्टरीणबाईंनी त्यांची एक गोळी कमी केली. मास्तरांची साखर मात्र होती तिथेच ठाण मांडून बसली होती, आणि वजन उलट थोडं चढलं होतं. बाईंनी कागद बघितला, मास्तरांकडे बघितलं.

"मास्तर, खरं सांगा हं. मी रागावणार नाही."

"खरंच सांगतोय बाई. पेल्याशिवाय पोटात काही नाही."

बाईंचा विश्वास बसला नाही ते चेहऱ्यावर दिसत होतं. सर्जनने ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली. म्हणाला, पुढच्या तपासणीतही साखर उतरली नाही तर पुढची तारीख कधी मिळेल ते मी सांगू शकत नाही, आणि तोवर मोतीबिंदू काही थांबणार नाही.

घरी येताना रस्त्यात साडूभाऊंना राहवलं नाही. "आता सांगूनच टाका. कुठल्या बेकरीवाल्याला फितवलंय तुम्ही? मागच्या दाराने खाता की पुढच्या?"

मास्तर चालता चालता थांबले. एरवी त्यांनी साडूंचे वाभाडे काढले असते. त्या दिवशी म्हणाले, "साडूभाऊ, मला भीती वाटतेय."

साडूभाऊंचं हसू जागच्या जागी विरलं.

"एक घास चोरलेला नाही मी," मास्तर म्हणाले. "रात्री पाव भाजल्याचा वास आला तरी उशी तोंडावर घेऊन झोपतो. आणि तरी हे असं. माझे डोळे जाणार हो. मी काय करू?"

साडूभाऊंनी त्यांचा दंड धरला. फुटपाथची पायरी आली होती आणि ती मास्तरांना दिसत नव्हती. "तुम्ही चोरत नाही ना? मग साखर येते कुठून? कोटाच्या अस्तरातून? थांबा, मी बघतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी साडूभाऊ मशीन सोडून मागच्या खोलीत गेले आणि शेगडीपाशी स्टूल टाकून बसले. मास्तरांना चमच्यावरची खूण दिसायची नाही, म्हणून पेला रोज थोरलीच बनवायची. तिने पावडरचा डबा उघडला. पहिला चमचा भरला, सुरीच्या पाठीने सपाट केला, पेल्यात टाकला. दुसरा तसाच. तिसरा तसाच. डब्यावर तीनच लिहिले होते. साडूभाऊंनी मान डोलावली. आणि तेवढ्यात थोरलीच्या हाताने, तिचं लक्ष खिडकीकडे असताना, चौथा चमचा शिगोशीग भरला आणि पेल्यात रिकामा केला.

"ताई! हा चौथा कसला?"

"हा होय?" थोरली म्हणाली. "ही माया."

शिंप्याच्या दुकानात माया म्हणजे काय ते सांगतो. कापड नेमक्या मापात कधी कापत नाहीत. शिवणीच्या आत दुमडायला थोडं जास्तीचं सोडतात. माणूस सुटला, कापड आटलं, तर उसवून तेवढं बाहेर काढता येतं. त्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. थोरली लग्न करून या दुकानात आली त्या आठवड्यात मास्तरांनी तिला पहिला धडा दिला होता तो हाच, की माया सोडल्याशिवाय कापायचं नाही. तेव्हापासून ती बाई बादलीत साबण टाकताना माया सोडायची, झाडाला पाणी घालताना माया सोडायची, आणि कुणाला वाढायला बसली तर विचारूच नका.

"बरं, आणि हे दूध?" साडूभाऊंनी विचारलं, कारण पेल्यात पाण्याऐवजी सायीचं दूध पडत होतं. "डब्यावर पाणी लिहिलंय."

"पाण्याने माणसाचं पोट भरतं का कुठे?"

"आणि हा मध?"

"एकच तर चमचा. तीही मायाच धरा."

"म्हणजे," दारातून आवाज आला, "ती विज्ञानाची चव..."

मास्तर दारात उभे होते. साडूभाऊंनी वळून बघितलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "मधमाशांची होती, मास्तर." एवढं बोलून त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. स्टुलावरून पडता पडता वाचले. आवाज ऐकून धाकटी इस्त्री उभी करून धावत आली, तिला प्रकार कळला, आणि तीही भिंतीला टेकून डोळे पुसायला लागली.

मास्तर हसले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला. "माझे डोळे चाललेत," ते ओरडले, "आणि तू मला मध पाजतेस? तीन महिने! आणि सगळ्यांसमोर मी खोटारडा ठरलो!"

थोरलीने चमचा खाली ठेवला आणि खुर्चीत बसली. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. "तुम्ही तो पेला डोळे मिटून प्यायचात, एरंडेल प्यावं तसा. मला बघवत नव्हतं हो. इतकी वर्षं या हाताने तुम्हाला वाढलं. आणि आता चमचा भरायचा आणि सुरीने खरवडून काढून घ्यायचा? तुमच्या तोंडचं काढून घेतल्यासारखं वाटायचं मला. हाताला सांगितलं तरी हात ऐकेना. मला काय माहीत त्याने तुमचे डोळे..."

रागावलेल्या माणसाला पुढचं वाक्य सुचलं नाही की तो भांडी उचलून इकडची तिकडे ठेवतो, तसं मास्तरांनी केलं. मग तिच्या समोर बसले. "अगं, रडू नकोस," ते म्हणाले. "शिकवलं कुणी तुला? मीच ना? शिकवलेलं इतकं मनावर घेणारी विद्यार्थीण कुणाला मिळते!"

धाकटी मात्र कामाची बाई. तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "हे बघा भाऊजी, ताईचा हात काही आखडायचा नाही. आज चमचा सपाट करेल, परवा पुन्हा सोडेल माया. मग तिला असं काहीतरी वाढू द्या की ज्यात थोडं जास्त पडलं तरी बिघडत नाही. कोबी घ्या, पालक घ्या, फरसबी घ्या. पालकाचा डोंगर वाढला तरी कुणाची साखर चढलीय का? तुम्ही यांचं ताट घ्या."

"आणि हे एवढे पावडरचे डबे?" मास्तरांनी विचारलं.

"ते मला द्या," साडूभाऊ म्हणाले. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. "अहो, खरं सांगू? रोज सकाळी अंडं उकडायचं, दुपारी मासा, संध्याकाळी पुन्हा अंडं. मला आता कोंबडी दिसली तरी तोंड फिरवावंसं वाटतं. आणि धाकटीला मुळात शेगडीसमोर उभं राहायचा कंटाळा. पेला बरा. ढवळला, प्यायला, मशीनवर. आणि धाकटीच्या हातात माया बेताचीच आहे, त्यामुळे माप चुकायची भीती नाही."

"काय म्हणालात?" धाकटी.

"कौतुक केलं गं तुझं!"

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. थोरलीने स्वतः सगळं कबूल केलं. बाई आधी हसल्या, मग मास्तरांची माफी मागितली, मग दोघांनाही बोलावून घेऊन गोळ्या नव्याने ठरवून दिल्या. अदलाबदलीला त्यांची हरकत नव्हती. फक्त मध घरातून घालवा म्हणाल्या, आणि पेल्यात पाणीच.

त्यानंतरचे तीन महिने थोरलीच्या राज्याचे. तिने जी भाज्यांची ताटं वाढली ती बघून मास्तर म्हणायचे, "हे जेवण आहे की कुणाची बाग उपटून आणलीस?" पण खायचे. मशरूम, अंडी, भाजलेला मासा, त्याखाली कोबी, कोबीखाली आणखी कोबी. कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव भट्टीतून निघायच्या वेळेला ते रस्ता ओलांडून पलीकडून जायचे, आणि जाताना हळहळायचे, हेही खरं. एकदा भर दुकानात गिऱ्हाइकाची छाती मोजत असताना मास्तरांची स्वतःची पँट खाली यायला लागली. एका हाताने पँट आणि एका हाताने टेप, अशा अवस्थेत त्यांनी माप पूर्ण केलं. साडूभाऊ मशीनवरून ओरडले, "मास्तर, आधी स्वतःचं माप घ्या!" थोरलीचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता. तिच्या हातचं पोटभर खाऊन माणूस बारीक होतो यावर तिचा विश्वासच बसत नव्हता.

तपासणीच्या दिवशी मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. डॉक्टरीणबाईंनी कागद उलटा धरून थोडा वेळ मास्तरांना खेळवलं, मग सरळ केला. साखर उतरली होती, सर्जनने सांगितलेल्या आकड्याच्याही खाली. साडूभाऊंची पेल्यावर आणखी थोडी उतरली होती, पण त्या दिवशी ते स्वतःचा कागद बघायलाच विसरले. त्यांनी दवाखान्यात मास्तरांना अशी मिठी मारली की मास्तरांचा चष्मा खाली पडला. पुढच्याच आठवड्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

काही दिवस सक्तीची विश्रांती झाली, आणि एका सकाळी मास्तर जिना उतरून दुकानात आले. अजून कुणी आलं नव्हतं. भिंतीचा रंग पांढरा आहे हे त्यांना नव्यानेच कळलं. आरशावरचे डाग दिसले, मशीनवरची नक्षी दिसली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी एक काळी पँट कापली होती, तिचे तुकडे टेबलावर तसेच होते. मास्तरांनी एक तुकडा हातात घेतला, सहज, आपलं काम बघायला.

कापडावर खडूच्या दोन रेघा होत्या. एक बारीक, वाकडीतिकडी, मध्येच तुटलेली, कमरेपाशी बोटभर आत घुसलेली. ती त्यांची. आणि तिच्या बाहेरून एक जाड, पांढरीशुभ्र, सरळ रेघ, खडू दोनदा फिरवून काढलेली. कात्री त्या जाड रेघेवरून गेली होती.

त्यांनी खुंटीवरचं जाकीट काढलं, शिवणीच्या आत डोकावून बघितलं. दोन रेघा. कोटाचा पुढा उलटा केला. दोन रेघा. हाताला लागेल ते कापड उलटून त्यांनी बघितलं आणि सगळीकडे तेच होतं. मास्तर जाकीट घेऊन खुर्चीत बसले.

साडूभाऊ आले तेव्हा मास्तरांच्या मांडीवर ते जाकीट होतं. "हे कधीपासून?" मास्तरांनी विचारलं.

साडूभाऊंनी बघितलं आणि त्यांना कळलं. मशीनपाशी जाऊन उगीच दोरा ओढत बसले. "बरेच महिने झाले," ते म्हणाले. "तुम्ही आखून झालं की धाकटी तुम्हाला बाहेर हाक मारायची, काहीबाही विचारायला. तेवढ्यात मी आखायचो. जाड आखायचो म्हणजे तुम्हाला दिसेल. मग तुम्ही येऊन कापायचात." मग घाईघाईने म्हणाले, "कात्रीला हात लावलेला नाही हं मी! शपथ. एकदाही नाही."

इतके महिने ज्याच्या हाती कात्री जाईल म्हणून मास्तरांचा जीव वरखाली होत होता, त्याच माणसाने ती त्यांच्या हातात टिकवून धरली होती, आणि वर रोज टेबलावर बसून त्यांची टिंगल केली होती. मास्तरांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त काहीतरी वाटलं, आणि ते डोळ्यांतून बाहेर आलं.

"अहो, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही म्हणालेत ना डॉक्टर!" साडूभाऊ घाबरून उठले.

"गप्प बसा हो. बाहेरचं म्हणालेत ते."

मास्तरांनी बाहीने गाल पुसला, उठून टेबलापाशी गेले, नवं कापड पसरलं आणि कात्री उचलून मुठीकडून साडूंच्या पुढे धरली. "घ्या. आज तुम्ही कापायचं. उद्या मी, परवा तुम्ही."

साडूभाऊंनी दोन्ही तळवे पँटला पुसले. मग पुन्हा एकदा पुसले. कात्री हातात घेतली, आणि मशीनवर हातभर कापड डोळे मिटून शिवणारा तो माणूस पहिला घाव घालायला अडखळला.

"कापा, कापा," मास्तर म्हणाले. "आणि नीट कापा. आता मला सगळं दिसतं."